चिरंजीवांनी नोकरी करावी का?

कामोठ्यात आमच्या सोसायटीशेजारी एका स्नेह्यांचे किराणा व धान्याचे दुकान आहे. त्यांच्या चिरंजीवांची अभियांत्रिकीच्या अखेरच्या वर्षी एका मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत निवड झाली. पेढे वाटले गेले. त्याच रात्री दुकान बंद करून ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही आयुष्य बँकेत काढले. दोन पिढ्यांची गादी सोडून मुलाने नोकरी धरावी का? तिथेही आता माणसे कमी करतात म्हणे."

हा प्रश्न आज अनेक व्यापारी घरांत विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे टीसीएसचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे.

१९६८ मध्ये मुंबईत टाटा सन्सचा एक विभाग म्हणून या कंपनीचा आरंभ झाला. तिची घडी बसविली ती फकीरचंद कोहली यांनी. ते मुळात वीज क्षेत्रातील अभियंते होते. त्यांच्यानंतर १९९६ मध्ये सूत्रे हाती घेणारे एस. रामदोराई कंपनीतच घडलेले होते. एन. चंद्रशेखरन १९८७ मध्ये येथे रुजू झाले, काही काळ रामदोराई यांचे कार्यकारी साहाय्यक होते, २००९ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी झाले आणि २०१७ मध्ये टाटा सन्सचे पहिले बिगर-पारशी अध्यक्ष. १ जून २०२३ पासून धुरा सांभाळणारे के. कृतिवासनही १९८९ पासून तेथेच आहेत.

आपल्या जुन्या पेढ्यांवरही हाताखालचा पोऱ्या पुढे मुनीमजी होत असे. परंतु मुनीमजी गादीवर कधी बसला नाही. येथे तो बसला, हा फरक आपण ध्यानात घ्यावा. उत्तराधिकारी अनेक वर्षे शेजारी बसवून तयार करावा लागतो, हेही यातून दिसते.

भरतीची रीतही समजून घेण्यासारखी आहे. महाविद्यालयांतील निवडीबरोबरच २०१८ पासून राष्ट्रीय पात्रता चाचणी घेतली जाते. तीत गणित, भाषा, तर्क व संगणकीय प्रज्ञा यांची परीक्षा होते. उत्तम गुण मिळविणाऱ्यास वरची श्रेणी व अधिक वेतन मिळते. येथे ओळखपाळखीपेक्षा तयारीला मोल आहे. केवळ अभियंतेच नव्हे, तर वाणिज्य शाखेचे पदवीधरही व्यवसाय-प्रक्रिया विभागात घेतले जातात. हिशेबाच्या घरात वाढलेल्या आपल्या मुलामुलींनी याची नोंद घ्यावी.

आता दुसरी बाजू. जून २०२५ मध्ये कंपनीने नियम केला की कर्मचाऱ्याने वर्षात किमान २२५ दिवस ग्राहकाच्या कामावर असावे. 'बेंच'वर, म्हणजे कामाविना, ३५ दिवसांहून अधिक राहू नये. जुलैमध्ये सहा लाखांहून अधिक मनुष्यबळापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर झाले. त्यांत मध्यम व वरिष्ठ पदांवरील मंडळी अधिक होती. पूर्वी वाढते वय व अनुभव हेच संरक्षण असे. आता तसे राहिलेले नाही.

मला यात नवल वाटले नाही. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत संगणक येऊ लागले, तेव्हा लेजर लिहिणारे आम्ही सारेच धास्तावलो होतो. जे शिकले ते पुढे गेले. जे रुसून बसले त्यांची बढती राहिली.

म्हणून त्या स्नेह्यांना मी तीन गोष्टी सांगितल्या. मुलाला जाऊ द्या. शिस्त, लेखी व्यवहार आणि परक्या ग्राहकाशी बोलण्याची रीत तो तेथे शिकेल. पहिल्या पगारावर फ्लॅटचा हप्ता बांधू नका. आधी सहा महिन्यांच्या खर्चाइतकी ठेव करा. आणि त्याने दरवर्षी काही नवे शिकले का, हे दिवाळीला वही उघडताना विचारत जा.

त्यांनी मुलाला पाच वर्षांची मुदत दिली आहे. सकाळी मानसरोवर स्थानकावर तो लोकल पकडताना दिसतो. रविवारी मात्र गल्ल्यावर तोच असतो. गेल्याच महिन्यात त्याने दुकानाचा साठा संगणकावर चढविला. उधारीची वही अजून वडिलांच्याच हातात आहे.