भिंगातली पाठराखीण

ऐंशी वर्षांच्या आजीच्या डोळ्यातल्या भिंगाचा गाभा ती आईच्या पोटात असतानाच घडलेला असतो. तिथल्या पेशींनी आपलं केंद्रकसुद्धा टाकून दिलेलं असतं, रक्तवाहिनी तिकडे फिरकत नाही, त्यामुळे जुनं प्रथिन काढून नवं बसवायची सोयच नाही. जन्माआधीचा तो माल आयुष्यभर पुरवायचा, तोही काचेसारखा स्वच्छ ठेवून! अंड्याचा पांढरा भाग तव्यावर पडताच कसा दुधाळ होतो, ते आपण बघतोच. प्रथिनांची घडी मोडली, ती एकमेकांना चिकटली, की आरपार दिसणं संपलं. भिंगात हेच अतिसावकाश घडतं, तेव्हा त्याला मोतीबिंदू म्हणतात.

मग तो इतकी वर्षं लांबतो कसा? भिंगातल्या प्रथिनांत एक तृतीयांशाच्या आसपास वाटा असतो अल्फा क्रिस्टलिनचा. त्याची ए आणि बी अशी दोन भावंडं. ही नुसती जागा भरणारी प्रथिनं नव्हेत, हे १९९२मध्ये जोसेफ हॉर्विट्झ यांनी दाखवलं. शेजारच्या प्रथिनाची घडी विस्कटू लागली की ती त्याला धरून ठेवतात, गुठळी होऊ देत नाहीत. अशा प्रथिनांना शास्त्रज्ञ ‘शॅपेरोन’ म्हणतात. आपल्याकडे त्याहून गोड शब्द आहे : पाठराखीण. नव्या नवरीबरोबर सासरी जाणारी, तिला बावरू न देणारी.

या पाठराखिणीचं माहेर मात्र डोळा नव्हे. इटलीतल्या फेरुच्चो रिटोसांच्या प्रयोगशाळेत कोणीतरी चुकून उबवणपेटीचं तापमान वाढवलं आणि फळमाशीच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रं भलत्याच जागी फुगलेली दिसली. उष्णतेच्या तडाख्यात पेशी काही खास जनुकं जागी करते, त्याची ती खूण होती. त्यांनी यावर लिहिलेला लेख एका नामांकित नियतकालिकानं परत पाठवला. तो १९६२मध्ये दुसरीकडे छापून आला. पुढे वीस वर्षांनी कळलं, की माशीला उष्णता सोसायला मदत करणारी काही छोटी प्रथिनं आपल्या भिंगातल्या अल्फा क्रिस्टलिनची सख्खी नातलग आहेत. निसर्ग जुनं भांडं टाकत नाही, हे माहीत होतं. पण माशीच्या घरातलं भांडं आपल्या डोळ्यात निघावं!

अल्फा-बी हृदयात असतं, स्नायूंत असतं, मेंदूतही असतं. आणि तिथे त्याला वेगळंच काम पडतं.

मेंदू वजनानं शरीराच्या दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो वीस टक्के. एखाद्या धमनीत रक्ताची गुठळी अडकली की पक्षाघात होतो, मधल्या पेशी काही मिनिटांत मरतात. भोवतीच्या पेशी निपचित पडतात, पण जिवंत असतात. या पट्ट्याला मेंदूतज्ज्ञांनी ग्रहणाचा शब्द दिला आहे : उपच्छाया. खरी झुंज तिथे चालते. मेलेल्या पेशींचा राडारोडा पाहून प्रतिकारयंत्रणा धावून येते. जंतू तर कुठेच नसतात. मग चोर सोडून संन्याशाला फाशी, तशी उपच्छायेतल्या पेशींचीच गत होते. दाह भडकतो, सूज येते, आणि कवटी काही ताणली जात नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठात लॉरेन्स स्टाइनमन यांच्या गटानं अल्फा-बी नसलेले उंदीर घेतले. पक्षाघातात त्यांच्या मेंदूची हानी नेहमीच्या उंदरांपेक्षा मोठी निघाली. पक्षाघातानंतर उंदरांच्या आणि माणसांच्याही रक्तात हे प्रथिन वाढलेलं आढळलं. म्हणजे शरीर स्वतःच ते बाहेर काढतं. मग संशोधकांनी ते उंदरांना बाहेरून दिलं. बारा तास उलटून गेल्यावर दिलं तरी हानी आटोक्यात आली, दाह पेटवणारी रसायनं घटली. हे २०११ साली प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षीच्या अभ्यासातून दिसलं, की दाह पेटवणाऱ्या प्रथिनांना ते रक्तातच पकडतं, आणि तापमान वाढलं की त्याची पकड घट्ट होते. आग जितकी जास्त, तितकी पाठराखीण दक्ष. मला या एका गोष्टीचंच सर्वांत जास्त अप्रूप वाटतं.

पण उंदरांत गुणकारी ठरलेल्या औषधांनी माणसाच्या पक्षाघातात आजवर वारंवार निराश केलं आहे. शरीराचंच आणखी एक दाहशामक प्रथिन, दाह पेटवणाऱ्या इंटरल्यूकिन-१ची वाट अडवणारं, १९९२पासून उंदीरवर्गीय प्राण्यांत मेंदू वाचवताना दिसत होतं. न लागणाऱ्या किल्लीसारखं ते इंटरल्यूकिनच्या कुलपात शिरून बसतं, पण फिरत नाही; खऱ्या किल्लीला मग जागाच उरत नाही. इंग्लंडमध्ये ऐंशी रुग्णांवर ते वापरलं, तेव्हा रक्तातल्या दाहाच्या खुणा कमी झाल्या. तीन महिन्यांनंतरची रुग्णांची स्थिती मात्र सुधारलेली दिसली नाही. त्याचा निकाल २०१८चा. अल्फा-बीसुद्धा अजून पक्षाघाताचं औषध झालेलं नाही.

तेव्हा उंदरांचे बारा तास आपल्याला मिळालेले नाहीत. घरात कोणाचं तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळू लागलं, तर ‘उतरेल थोड्या वेळानं’ म्हणत तेल चोळत बसू नका. आधी घड्याळ बघा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची नेहमीची मुदत साडेचार तासांची आहे.