रिव्हर्स पडला की खाली बघणारा आरसा

गिअर रिव्हर्समध्ये पडतो आणि डाव्या दारावरच्या आरशातून बारीक घरघर येते. काचेची खालची कड कवचात आत सरकते, वरची कड थोडी बाहेर येते, आणि दोन-तीन सेकंदांत चित्र पालटतं. मागून येणारी रिक्षा, झाडं, आभाळ, सगळं वर निघून जातं. आता आरशात मागच्या दाराची मूठ दिसते, तिच्याखाली मागचं चाक, आणि चाकाशेजारी फुटपाथची पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची कड. चाक आणि दगड यांच्यात वीतभर जागा आहे की चार बोटं, हे मान न वळवता कळतं. काम झालं, गाडी पुढे निघाली, की काच पुन्हा होती तिथे जाते.

ही सोय कोणी ऑटो टिल्ट म्हणून विकतं, कोणी रिव्हर्स डिप म्हणून. गाडीच्या माहितीपत्रकात तिला एखादी ओळ मिळते, तीही सनरूफ आणि दिव्यांच्या वर्णनानंतर. माझ्या मते ती त्याहून बरीच मोठी जागा घेण्याच्या लायकीची आहे.

हे काम पूर्वी माणूस करत असे, आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी करतो. ट्रक मागे घ्यायचा झाला की क्लीनर खाली उतरतो, मागच्या चाकाजवळ उभा राहतो आणि ट्रकच्या अंगावर थाप मारत ओरडतो, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे दाबा, बास!" एसटीच्या आगारात कंडक्टर मागे उभा राहून शिटी वाजवतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉचमन दोन खांबांच्या मधोमध उभा राहून हात हलवतो. नीट ऐकलं तर ही माणसं दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात. एक, मागे काय आहे. दुसरी, कडेला किती जागा उरली आहे. पहिलं काम गेल्या काही वर्षांत सेन्सर आणि कॅमेऱ्याने उचललं. दुसरं काम या खाली वळणाऱ्या काचेचं आहे, आणि त्याच्याकडे कायद्याचं आणि कंपन्यांचं लक्ष फार कमी गेलं आहे.

मोटारीवर आरसा आला तो मागचं बघण्यासाठी. लंडनमध्ये १९०९ साली डॉरोथी लेव्हिट या मोटारचालक बाईंनी स्त्रियांसाठी गाडी चालवण्याचं पुस्तक लिहिलं आणि त्यात सांगितलं, की एक छोटा हातआरसा जवळ ठेवा, मधूनमधून वर धरून मागचा रस्ता बघा. दोन वर्षांनी, ३० मे १९११ रोजी, इंडियानापोलिसची पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. बाकीच्या गाड्यांत चालकाशेजारी मेकॅनिक बसलेला होता आणि मागून कोण येतंय ते सांगणं हे त्याचं एक काम होतं. रे हॅरून एकटाच बसला. मेकॅनिक नाही म्हणजे धोका, अशी तक्रार झाली, तेव्हा त्याने आपल्या मार्मन वास्प गाडीवर चार दांड्यांच्या आधाराने आरसा बसवला. शर्यत त्यानेच जिंकली. विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका थरथरत होता की त्यात धड काही दिसलंच नाही, असं त्याने पुढे सांगितलं. क्लीनरच्या जागी आरसा, ही कल्पना म्हणजे शंभराहून अधिक वर्षांची.

दाराचा आरसा उघडलेला कधी बघायला मिळाला तर जरूर बघावा. काच एका प्लास्टिकच्या पाठीवर चिकटवलेली असते आणि ती पाठ खाचांत दाबून बसवलेली असते. कडेला बोटं घालून बेताने ओढली की ती टकटक आवाज करत सुटते. दव आणि पावसाचं पाणी उडवणारा हीटर असेल तर काचेमागे चिकटवलेल्या पातळ पडद्यातून दोन तारा निघालेल्या दिसतात. त्यामागे मधोमध असतो गोलाकार सांधा, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखा, म्हणजे काच वर-खाली आणि आत-बाहेर दोन्हीकडे फिरू शकते. सांध्यापासून थोड्या अंतरावर दोन दट्टे, एक वरच्या किंवा खालच्या बाजूला, दुसरा आडव्या बाजूला. प्रत्येक दट्ट्यामागे बारा व्होल्टची लहानशी मोटार आणि प्लास्टिकच्या पांढऱ्या गिअरची साखळी. मोटार भराभर फिरते, गिअर तो वेग मोडतात, दट्टा मिलिमीटर मिलिमीटरने पुढे-मागे होतो. कोणी हाताने काच दाबली तरी गिअरचे दात तुटू नयेत म्हणून मध्ये घसरणारा क्लच असतो. साध्या आरशात तीन तारांवर दोन्ही मोटारी चालतात. एक तार दोघींची सामाईक, आणि दिशा बदलायची तर विजेचा प्रवाह उलटा करायचा.

इथपर्यंतची सगळी यंत्रणा आज मध्यम किमतीच्या जवळपास प्रत्येक गाडीत आहे. दारावरचं बटण फिरवून आरसा वळवतो तेव्हा हेच दोन दट्टे हलतात. मग खाली वळणारा आरसा सगळ्यांना का मिळत नाही? याचं उत्तर परतीच्या प्रवासात आहे.

काच खाली नेणं सोपं. रिव्हर्स गिअर पडल्याची खूण मागच्या पांढऱ्या दिव्याला मिळतेच, तीच दाराच्या मोड्यूलला द्यायची आणि मोटार फिरवायची. अवघड आहे ते काच नेमकी होती तिथे परत आणणं. त्यासाठी यंत्राला आधीची जागा ठाऊक असावी लागते. म्हणून चांगल्या यंत्रणेत प्रत्येक दट्ट्याबरोबर एक छोटा पोटेन्शिओमीटर हलतो. दट्टा जसा सरकतो तसा त्याच्यातून येणारा विजेचा दाब बदलतो, आणि तो दाब म्हणजे काचेचा पत्ता. रिव्हर्स पडला की मोड्यूल सध्याचा पत्ता टिपून ठेवतो, काच ठरलेल्या खालच्या पत्त्यावर नेतो, आणि काम झालं की टिपलेल्या पत्त्यावर परत आणतो. सीटची आणि आरशाची जागा लक्षात ठेवणाऱ्या गाड्यांत हे पोटेन्शिओमीटर आधीच बसवलेले असतात. म्हणूनच खाली वळणारा आरसा बहुतेक वेळा त्या महागड्या मेमरी सीटच्या सोबतीने येतो.

बाजारात वरून बसवायचे मोड्यूलही मिळतात. त्यांतले स्वस्त मोड्यूल पत्ता ओळखत नाहीत, वेळ मोजतात. अमुक सेकंद खाली, तितकेच सेकंद वर. पण मोटार दर वेळी सारख्या वेगाने फिरत नाही. इंजिन बंद असताना बॅटरीचा दाब कमी असतो, थंडीच्या पहाटे ग्रीस घट्ट होतं, जुने गिअर अडतात. प्रत्येक फेरीत केसभर फरक पडतो, तो साठत जातो, आणि काही दिवसांनी आरसा हायवेवर मागची लेन दाखवायच्या ऐवजी डांबर नाहीतर आभाळ दाखवू लागतो. काच खाली वळली नाही तर फार तर चाक घासेल. ती परत आली नाही तर लेन बदलताना मागचा ट्रक दिसणार नाही. मला या यंत्रात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे परत येणं. ज्यांच्या गाडीत ही सोय नाही ते चालक डावा आरसा हाताने खाली करून गाडी लावतात, आणि तो पुन्हा वर करायचं राहून जातं. यंत्राने सोडवलेला खरा प्रश्न तो आहे.

काच किती वळते? ढोबळ हिशेब करून बघू. आरसा जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीवर असतो आणि मागचं चाक त्याच्या मागे दोनेक मीटरवर. चाक जिथे जमिनीला टेकतं ती जागा आरशाच्या मधोमध हवी असेल तर नजर क्षितिजापासून सत्तावीस अंशांच्या आसपास खाली जायला हवी. पण आरसा जितका वळतो त्याच्या दुप्पट नजर वळते, हा परावर्तनाचा नियम आपल्या मदतीला येतो. शिवाय चाक अगदी मधोमध नको असतं, खालच्या अर्ध्या भागात आलं तरी पुरतं. त्यामुळे काच आठ-नऊ अंश वळली तरी काम भागतं. एवढीशी हालचाल त्या लहान मोटारींना सहज झेपते.

डाव्या आरशाची काच बहुधा बहिर्गोल असते, तिच्यात सगळं लहान आणि लांब दिसतं. अमेरिकेत तर प्रवाशाच्या बाजूच्या अशा आरशावर तसा इशारा छापावाच लागतो. मग अशा काचेत फुटपाथचं अंतर कसं कळणार, अशी शंका कोणी घेईल. कळतं, कारण चाक आणि फुटपाथ दोन्ही एकाच चौकटीत, शेजारी शेजारी दिसतात आणि दोन्ही सारखेच लहान झालेले असतात. डोळा अंतर मोजत नाही, तुलना करतो. मागून येणाऱ्या गाडीच्या बाबतीत शेजारी तुलनेला असं काही नसतं, म्हणून तिथे ही काच फसवते.

काच लगेच परत न येणं हीसुद्धा विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. दोन गाड्यांच्या मध्ये गाडी घालताना आपण मागे घेतो, थोडं पुढे, पुन्हा मागे. दर वेळी आरसा वर-खाली नाचू लागला तर डोकं फिरेल. म्हणून काही गाड्यांत रिव्हर्स काढल्यावर काच काही सेकंद थांबते, काहींत गाडी पुढे जाऊन ताशी १५ किलोमीटरचा वेग गाठेपर्यंत.

आपल्याकडे डाव्या आरशाची कथा अगदी वेगळी आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही कितीतरी गाड्यांची खालची आवृत्ती डाव्या आरशाविना यायची. हवा तर दुकानातून बसवून घ्यायचा. ज्या देशात गाडी डावीकडून चालते आणि डावीकडेच लागते, जिथे गटार, फुटपाथ, भाजीची पाटी आणि दुचाकी सगळं डावीकडेच असतं, त्या देशात ही अवस्था होती. आज दोन्ही आरसे गृहीत धरले जातात. वाहनांच्या आरशांसाठी एआयएस-००१ आणि एआयएस-००२ अशी मानकं आहेत, आणि ही मानकं ठरवणाऱ्या समितीचं कामकाज पुण्यातून, १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या संस्थेतून चालतं. आरसे बनवण्यातही आपण मागे नाही. पुण्यात टाटा ऑटोकॉम्प आणि स्पेनची फिकोसा यांची भागीदारीतली टाटा फिकोसा आरसे बनवते. विवेकचंद सेहगल आणि त्यांच्या आई स्वर्णलता यांनी १९७५ साली सुरू केलेल्या मदरसनने २००९ साली व्हिझिओकॉर्प ही परदेशी आरसा कंपनी घेतली आणि मोटारींचे बाहेरचे आरसे बनवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या उद्योगांत ती जाऊन बसली. हे तंत्र आपल्याला दुरून आणावं लागणार नाही.

कायद्याने मागची बाजू मात्र नीट बघितली आहे. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या प्रवासी मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. अमेरिकेत मागे घेतलेल्या गाड्यांखाली, कित्येकदा घरच्याच गाडीखाली, लहान मुलं सापडत होती. त्यानंतर २००८ साली तिथे कायदा झाला, आणि मे २०१८ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांना मागचा कॅमेरा बंधनकारक झाला. गाडीमागची दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब जागा त्यात दिसलीच पाहिजे असा नियम आहे. ही फार मोठी गोष्ट आहे, तिच्यापुढे घासलेल्या चाकाची काळजी क्षुल्लक. पण कडेलाही माणसं असतात. मागच्या चाकाजवळ चेंडू घ्यायला वाकलेलं मूल, सावलीला झोपलेलं कुत्रं, फुटपाथवरून पाय खाली सोडून बसलेले आजोबा. मागच्या बंपरवरचे सेन्सर तिथे बघत नाहीत, आणि नेहमीच्या जागी असलेला आरसा त्यांच्या डोक्यावरून बघतो.

चारही बाजूंचं चित्र दाखवणारे ३६० अंशांचे कॅमेरे आता आले आहेत, ते हे काम करतात. तरी आरसा मला अधिक भरवशाचा वाटतो. पावसाळ्यात कच्च्या रस्त्यावरून आलं की कॅमेऱ्याच्या त्या इवल्या भिंगावर चिखलाचा एक ठिपका बसला तरी चित्र गेलं. आरशाची काच मोठी, तिच्यावर ठिपके पडूनही बरंच दिसत राहतं. शिवाय चालकाची नजर डाव्या आरशाकडे आपसूक जाते, ती सवय शिकाऊ परवान्यापासूनची.

मागे घेताना चालकाला मदत करण्याचे इतरही प्रयत्न झाले. मर्सिडीजच्या १९९१ च्या एस-क्लासमध्ये रिव्हर्स पडला की मागच्या दोन्ही कोपऱ्यांतून बारीक दांड्या वर यायच्या, गाडी कुठे संपते ते कळावं म्हणून. सेन्सर आले आणि त्या दांड्या गेल्या. जपानमध्ये २०१८ साली लेक्सस ईएसमध्ये आरशांच्या जागी कॅमेरे बसवले गेले आणि आत पडदे. तिथे गाडी मागे घेताना काच वळायचा प्रश्नच उरला नाही, पडद्यावर दिसणारा भाग आपोआप वाढतो. काच गेली, पण रिव्हर्स पडताच आणखी काही दाखवायचं ही कल्पना टिकली.

माझं म्हणणं एवढंच, की विजेवर हलणारे आरसे ज्या आवृत्तीत मिळतात तिथपासून ही सोय मिळावी. मोटारी आहेत, गिअर आहेत, रिव्हर्सची खूण आहे. कमी आहेत ते दोन पोटेन्शिओमीटर, थोड्या तारा आणि मोड्यूलमधला थोडा प्रोग्रॅम. आज ग्राहकाला त्यासाठी कातडी सीट आणि मोठी चाकं असलेली वरची आवृत्ती घ्यावी लागते.

तुमच्या गाडीत ती असूनही तुम्हाला माहीत नसेल, असंही शक्य आहे, कारण बऱ्याच गाड्यांत ती आरशाच्या बटणावर अवलंबून असते. बटण मधल्या जागी असेल तर काच हलत नाही. मोकळ्या जागी इंजिन सुरू करून, ब्रेक दाबून, बटण आधी डाव्या आरशावर ठेवा आणि रिव्हर्स टाका. काही झालं नाही तर उजव्यावर ठेवून बघा. काही कंपन्यांनी खूण उलटी ठेवली आहे. काच खाली गेली तर तिथेच बटणाने ती थोडी वर-खाली करून मागचं चाक आणि जमीन दिसेल अशी लावा. पुष्कळ गाड्या ती जागा पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवतात.