वीस एक कीं एकवीस?

मुलांस शाळेविषयीं विचारावयाचा वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : मार्क किती पडले? या आठवड्यांत वर्गांत काय शिकविलें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. २०१९ च्या जूनमध्यें मात्र तें अवघ्या महाराष्ट्रानें विचारलें. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणितांत 'एकवीस' या नांवाबरोबर 'वीस एक', 'त्रेसष्ट' बरोबर 'साठ तीन' असें संख्यावाचन आलें, आणि घरोघर थट्टेस ऊत आला. प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलें. जुनीं नांवें काढून टाकलेलीं नाहींत, हा सोपा पर्याय जोडीस दिला आहे, असा खुलासा गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनीं केला. पण हंशापुढें तो फारसा कोणीं ऐकला नाहीं.

अडचण खरी आहे. संस्कृतांत 'त्रिषष्टि' म्हणतांना एकक आधीं व दशक मागून येतो. तोच क्रम मराठींत उतरला. लिहितांना मात्र सहा आधीं, तीन मागून. बालकाच्या कानीं 'त्रे' प्रथम पडतें आणि पाटीवर छत्तीस उमटतात. त्यांत 'एकोणीस' म्हणजे 'एकानें उणे वीस', ही वजाबाकी नांवांतच दडलेली. हाच नियम एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि नव्व्याण्णवला मोडतो! आपल्या कोल्हापूरच्या सीमेपलीकडील कानडी मुलास 'इप्पत्तोंदु', म्हणजे वीस आणि एक, असें सरळ म्हणावयास मिळतें. उलट जर्मन भाषेंतहि एकक आधीं येतो, आणि गौससारखा महागणिती त्याच भाषेंत वाढला. तेव्हां जुनीं नांवें बुद्धीस मारक आहेत, असें कोणीं समजूं नये.

शाळेची रीत काळाप्रमाणें पालटते. रुपयाचे सोळा आणे होते तोंवर पावकी, निमकी, पाउणकी यांवांचून व्यवहार अडे. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं आणि हे पाढे हळूहळू मागें पडले. म्हणून कांहीं मुलांची मति खुंटली नाहीं.

आमचें म्हणणें एवढेंच. सुशिक्षित घरांत आजी-आजोबा उजळणी घेतात. तेथील मुलास 'त्रेसष्ट' अनायासें येतें, आणि हंसणारेहि बहुधा याच घरांतले. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकांस दरमहा एक रुपया दंड ठरविला, तो ज्याच्या घरीं उजळणी घेणारें कोणी नाहीं अशा मुलासाठीं. त्याला 'साठ तीन' ही पायरी मिळाली तर आपलें काय गेलें? पायरी चढून झाल्यावर मात्र 'त्रेसष्ट' त्याला आलेंच पाहिजे. नाहीं तर बाजारांतला हिशोब आणि वडिलांची भाषा त्याला परकी होईल.

वाचकांनीं या आठवड्यांत एवढें करावें : घरच्या मुलापुढें चिंचोके ठेवून दहा-दहाचे ढीग करवावे. सहा ढीग व सुटे तीन मोजल्यावर तें आपल्या तोंडानें 'साठ आणि तीन' म्हणेल. तेव्हां 'यासच त्रेसष्ट म्हणतात' असें सांगावें. आणि मोलकरणीचें मूल आसपास खेळत असेल, तर त्यासहि त्याच ढिगापाशीं बसवावें.