काही सेकंदांचं बळ

गाडीचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, जेमतेम दोन्ही हातांत मावेल एवढी. तरी ती आख्खं इंजिन फिरवते, कारण तिला ते काम काही सेकंदच करायचं असतं. पूर्वी मोटारी हँडल मारून सुरू करत. इंजिनाने उलटा झटका दिला, की मनगट मोडायचं. विजेच्या मोटरवर आक्षेप असा, की इंजिन फिरवण्याजोगी मोटर फार अवजड होईल. अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी त्याआधी कॅश रजिस्टर विजेवर चालवलं होतं. क्षणभरच जोर लावायचा असेल, तर लहान मोटरही कितीतरी जादा भार सोसते, हे त्यांना तिथे कळलं होतं. तोच हिशेब १९१२च्या कॅडिलॅकमध्ये खरा ठरला.

किल्ली फिरवली की सॉलेनॉइड दोन कामं करतो: सेल्फचं दातेरी पिनियन पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या रिंग गिअरमध्ये अडकवतो आणि बॅटरीचा जाड संपर्क जोडतो. थांबलेल्या मोटरमध्ये फिरण्यातून तयार होणारा उलटा विद्युतदाब नसतो, म्हणून प्रवाह सर्वाधिक आणि जोरही सर्वाधिक, अगदी हवा तेव्हाच. पिनियनला १० दाते आणि रिंगला १३० असतील, तर तो जोर तेरापट होतो. मात्र इंजिन पेटून मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर गेलं, तर याच हिशेबाने सेल्फला ३९,००० फेऱ्या घ्याव्या लागतील आणि आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाच्या, चिंध्या होतील. म्हणून पिनियनमध्ये एकाच दिशेने जोर देणारा क्लच असतो.

सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत सेल्फ वारंवार चालतो, मग काही सेकंदांच्या कामाचा हा नियम कुठे राहिला, असं कुणी विचारेल. तिथला सेल्फ जास्त मजबूत असतो. पण प्रत्येक वेळचं काम क्षणभराचंच. नियम टिकतो, म्हणूनच इंजिन पेटत नसताना किल्ली फिरवून धरणं घातक: वेळ वाढला की तीच मोटर तापून जळते. सेल्फ नुसता ‘टक्’ करतो आणि दिवे लागतात, म्हणून बॅटरीकडचं सगळं ठीक, हा तर्कही फसवा. टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या थराचा रोध फक्त ०.०२ ओहम धरू. दिव्यांच्या १० अँपिअरला ०.२ व्होल्टच गळतात; सेल्फच्या १५० अँपिअरला तब्बल ३. बारा व्होल्टमधून तीन गेले, की सेल्फ इंजिनाला हलवणार कसा? तेव्हा सेल्फ उतरवण्याआधी टर्मिनल घासून घट्ट करावेत आणि बॅटरी भाराखाली तपासावी.