स्वयंपाकघरातली वायरिंग

भिलईच्या हुडकोसारख्या वसाहतीत जुन्या घराची वायरिंग बदलायची, तर आधी स्वयंपाकघराचा हिशेब करावा. घरातला सर्वांत जड भार बहुधा तिथेच असतो. २३० व्होल्टवर ६ अँपिअरचा सॉकेट सुमारे १,३८० वॉट पेलतो. मिक्सरला तो पुरतो. २,००० वॉटची इंडक्शन शेगडी जवळपास ८.७ अँपिअर ओढते, म्हणून तिला १६ अँपिअरचाच सॉकेट लागतो. प्लगची जाड पिन लहान सॉकेटात बसत नाही, ती याच कारणाने; तरीही अडॅप्टर लावून ही सोय मोडणारे पुष्कळ.

शेगडी, १,५०० वॉटची किटली आणि १,२०० वॉटचा मायक्रोवेव्ह एकदम चालले, तर प्रवाह २० अँपिअरवर जातो. एका १६ अँपिअरच्या सर्किटला हे झेपत नाही, म्हणून जड उपकरणांना वेगळी सर्किटे हवीत. अशा सर्किटला साधारणपणे २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घालतात. भिंतीतली तार तीच ठेवून नुसता एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच) मोठा बसवणे हा सर्वांत धोकादायक उपाय : तार तापते, एमसीबी मात्र पडत नाही.

एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला वाचवेलच असे नाही. ओल्या हातांच्या या खोलीत विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि प्रत्येक सॉकेटपर्यंत पोचलेली हिरवी अर्थिंगची तार, दोन्ही असावीत. सॉकेट सिंकपासून आणि शेगडीच्या वाफेपासून लांब घ्यावेत. आयएस ७३२ हे वायरिंगचे भारतीय मानक आहे. काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करवावे.