प्रवासातील इंग्रजी शब्द : कोल्हापूर ते पीण्या

ज्याला इंग्रजी चांगले येते त्याचीही प्रवासात फसगत होते, आणि ज्याला ते बेताचेच येते तो कित्येकदा सुखरूप जाऊन येतो. याचे कारण असे की, प्रवासातील इंग्रजी शब्द कोशातला अर्थ सांभाळून राहत नाहीत. रेल्वेने, हॉटेलवाल्यांनी आणि त्या त्या शहराने त्यांना आपापले अर्थ दिलेले असतात.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एखाद्या कारखानदाराला कामानिमित्त बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात जावयाचे आहे, असे समजा. वाट तशी सरळ आहे. पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करीत जाणारा महामार्ग तुमकूर रस्त्याने बंगळुरात शिरतो आणि पीण्याला लागूनच पुढे जातो. रेल्वेने जावे तर मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस यशवंतपूरला उतरवते. तेथून मेट्रोने पीण्या दुसरे स्थानक. परंतु या सरळ वाटेवर शब्दांचे खाचखळगे फार.

पहिला खळगा तिकिटाचा. 'वेटिंग' आणि 'आर. ए. सी.' हे दोन्ही शब्द ऐकणाऱ्याला सारखेच अधांतरी वाटतात. प्रत्यक्षात त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. आर. ए. सी. तिकिटावर गाडीत चढता येते आणि बसावयास जागा मिळते. मात्र निजावयास पूर्ण बाक मिळेलच असे नाही, बहुधा बाजूचा खालचा बाक दोघांत वाटून घ्यावा लागतो. उलट, ऑनलाइन काढलेले तिकीट तक्ता तयार झाल्यावरही पूर्णपणे वेटिंगमध्येच राहिले तर ते आपोआप रद्द होते, आणि ते घेऊन गाडीत बसणारा विनातिकीट ठरतो. तारखेचाही असाच घोटाळा. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, रेल्वेचा मध्यरात्री. रविवारी रात्री जेवूनखाऊन बारा वाजून दहा मिनिटांची गाडी धरावयाची असेल, तर तिकीट सोमवारचे हवे. रविवारचे काढलेत तर तुमची गाडी आदल्याच रात्री निघून गेलेली असते!

यानंतर 'हॉटेल'. विलायतेत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. आपल्याकडे चहा, भजी, मिसळ मिळते तेही हॉटेल, आणि कर्नाटकातही हा अर्थ तितकाच रुळलेला. म्हणून रिक्षावाल्याला नुसते 'हॉटेल' म्हणू नये. 'लॉज' किंवा 'रूम' म्हणावे. 'लॉजिंग-बोर्डिंग' या जोडशब्दातील बोर्डिंगची कथा तर मोठी गमतीची आहे. इंग्रजीत बोर्ड म्हणजे फळी. फळीचे मेज झाले, आणि मेजावरचे जेवण तेही बोर्ड. जहाजाच्या बाजूच्या फळ्यांवरून जहाजावर चढणे हेही बोर्डिंग, म्हणून विमानात चढण्याचा तो बोर्डिंग पास. मराठीत मात्र हा शब्द विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला जाऊन चिकटला. कोल्हापुरात १९०१ साली राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले, तेव्हापासून कितीतरी घरांत 'बोर्डिंगात शिकला' हे शब्द अभिमानाने उच्चारले गेले. तेव्हा लॉजच्या पाटीवर बोर्डिंग दिसले, तर तेथे जेवण मिळते एवढाच अर्थ घ्यावा.

खोली घेताना 'चेक-आउट' कधी, हे आधी विचारावे. चोवीस तासांची पाटी असेल तर सकाळी सातला आलेल्याचा दिवस दुसऱ्या सकाळी सातला संपतो. दुपारी बाराची मर्यादा असेल तर रात्रीच्या बसने पहाटे पोहोचलेल्या प्रवाशाला ताटकळावे लागते, किंवा 'अर्ली चेक-इन'च्या नावाखाली जादा आकार द्यावा लागतो. दोघे भागीदार एकत्र जात असतील तर 'डबल' नव्हे, 'ट्विन' खोली मागावी. डबलमध्ये एकच मोठा पलंग असतो, ट्विनमध्ये दोन निरनिराळे. दरपत्रकात 'ई. पी.' असेल तर केवळ खोली, 'सी. पी.' असेल तर सकाळचा नाश्ता धरून.

जेवणाखाण्याच्या शब्दांत बंगळूरची स्वतःची तऱ्हा आहे. आपण 'टिफिन' म्हणतो तेव्हा डबा डोळ्यांपुढे येतो. तेथे टिफिन म्हणजे इडली, डोसा, उप्पीट असा फराळ. 'मील्स रेडी' ही पाटी भाताचे भरपूर ताट तयार असल्याची वर्दी देते. आणि 'मिलिटरी हॉटेल' वाचून कोणी सैनिकांची छावणी शोधू नये. तेथे मांसाहारी जेवण मिळते. जयनगर भागातील अशा एका प्रसिद्ध हॉटेलाचे नाव शिवाजी मिलिटरी हॉटेल आहे, हे ऐकून मराठी माणसाचे पाऊल थबकल्यावाचून राहणार नाही.

आता पत्ता. माझ्या मते खरी कसोटी येथेच लागते. बंगळूरच्या पत्त्यात 'मेन' म्हणजे लांब जाणारा रस्ता आणि 'क्रॉस' म्हणजे त्याला छेदणारा आडवा रस्ता. पीण्यात यांच्या जोडीला 'स्टेज' आणि 'फेज' येतात. हे वसाहतीचे टप्पे होत. दोन टप्प्यांतील एकाच क्रमांकाचे क्रॉस एकमेकांपासून दूर असू शकतात. म्हणून 'चौदावा क्रॉस' एवढेच लिहून नेणाऱ्याची सकाळ कारखान्यांच्या फाटकांपुढून हिंडण्यात जावयाची, आणि भेटीची वेळ टळली की आलेले काम परत जावयाचे. त्यात मेट्रोची 'पीण्या' आणि 'पीण्या इंडस्ट्री' अशी लागोपाठ दोन स्थानके आहेत. त्याच्या पुढील जालहळ्ळी स्थानकाजवळचा चौक 'जालहळ्ळी क्रॉस' म्हणून ओळखला जातो. पण हा क्रॉस म्हणजे आडवा रस्ता नव्हे, महामार्गावरचा नाका. तेव्हा निघण्यापूर्वी कारखान्यात फोन करून स्टेज, फेज, मेन, क्रॉस आणि उतरण्याचे स्थानक अशा पाचही गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात, आणि कानडीत लिहिलेला पत्ताही मागून घ्यावा.