लगोरी रचणारी यंत्रं

शहापूर तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर सुट्टीच्या दिवशी गेलं, की कुठल्या ना कुठल्या अंगणात लगोरीचा डाव रंगलेला असतो. फुटक्या कौलांचे तुकडे एकावर एक रचलेले, खाली मोठा, वर लहान. एकजण नेम धरून चेंडू मारतो, तुकडे विखुरतात आणि पोरं चौफेर पांगतात. कुणी पाठीवर चेंडू झेलतं, कुणी वाकून तुकडे गोळा करतं. शेवटचा तुकडा ठेवताना हात क्षणभर थबकतो, मनोरा डुगडुगतोय का ते बोटांनीच जोखतो, आणि मग आरोळी उठते. कुठे या खेळाला लिंगोरचा म्हणतात. तो शिकवायला कुणी मास्तर लागत नाही.

2022 च्या ऑगस्टमध्ये हाच डाव नवी दिल्लीत मांडला गेला. खेळणारी होती यंत्रं. एका रोबोने चेंडू फेकून पाच चकत्यांची लगोरी फोडायची, त्याच्या जोडीदार रोबोने त्या चकत्या वेचून पुन्हा रचायच्या. रचणाऱ्या रोबोच्या डोक्यावर एक चेंडू ठेवलेला. प्रतिस्पर्ध्याच्या रोबोने नेम धरून तो पाडायचा. एक संघ लाल, एक निळा. स्पर्धेचं नाव एबीयू रोबोकॉन, यजमान दूरदर्शन. आणि खेळाचं अधिकृत नाव होतं लगोरी, आपल्या अंगणातलंच.

या स्पर्धेचं मूळ जपानमध्ये आहे. 1988 मध्ये एनएचके या तिथल्या सार्वजनिक वाहिनीने तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्यांसाठी रोबोंची स्पर्धा सुरू केली. तिच्यामागे मासाहिरो मोरी या रोबोशास्त्राच्या प्राध्यापकांचा विचार होता. कल्पना टीव्हीला शोभणारी होती: सगळ्यांना एकच कोडं द्यायचं, आणि ते सोडवणारं यंत्र प्रत्येकाने आपल्या डोक्याने, आपल्या हाताने बांधायचं. पुढे आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाने, म्हणजे एबीयूने, ती कल्पना उचलली आणि 2002 मध्ये टोकियोत पहिली आंतरराष्ट्रीय फेरी झाली. तेव्हापासून ही स्पर्धा दरवर्षी वेगळ्या देशाच्या दारी जाते. यजमान देश आपल्या मातीतला विषय निवडतो. टोकियोने फुजी पर्वत निवडला, बीजिंगने चीनची भिंत, कैरोने पिरॅमिड.

2008 मध्ये यजमानपद पुण्याकडे आलं आणि विषय ठरला गोविंदा. दहीहंडीच्या उंच टांगलेल्या मडक्यातलं लोणी उतरवण्याचं काम रोबोंपुढे ठेवलं गेलं. ज्या ठाणे जिल्ह्यातल्या हंड्यांचे थर बघायला लांबून लोक येतात, तिथल्या माणसाला यातली मेख लगेच कळेल. हंडी एकट्याला फुटत नाही. खालचा हलला तर वरचा कोसळतो. आशियाभरातून आलेल्या विद्यार्थ्यांना हा तोल मोटरी आणि सळ्यांच्या भाषेत मांडावा लागला. त्या वर्षी जिंकलं चीनचं शीआन जियाओतोंग विद्यापीठ.

सहा वर्षांनी, 24 ऑगस्ट 2014 रोजी, स्पर्धा पुन्हा पुण्यात आली, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात. या वेळचा विषय आणखी हळवा होता: पालकत्वाला सलाम. विद्यार्थी चालवतो तो मोठा रोबो पालक. छोटा रोबो म्हणजे मूल, त्याने स्वतःच्या बुद्धीने चालायचं. पालकाने मुलाला उचलून बागेत न्यायचं, सी-सॉवर बसवायचं, खांबांवरून चालवायचं, झोपाळ्यावर बसवून झोका द्यायचा आणि शेवटी मुलाने जंगल जिमची शिडी आपली आपण चढायची. सगळं जमलं की मिळणाऱ्या विजयाला नियमांत नाव दिलं होतं 'शाबाश'. व्हिएतनामच्या लाक होंग विद्यापीठाने ती स्पर्धा जिंकली. मुलाला पालकाच्या हातातून झोपाळ्यावर सोडण्याचा क्षण सर्वांत कठीण. पकड लवकर सुटली तर मूल पडतं, उशिरा सुटली तर झोपाळाच ओढला जातो.

टीव्हीवरच्या यंत्रांच्या लढतीची दुसरी शाखा याहून रांगडी आहे. मार्क थॉर्प या अमेरिकी कलावंताने 1994 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'रोबोट वॉर्स' भरवली. 1998 पासून बीबीसीने त्याच नावाचा कार्यक्रम दाखवला आणि 2000 मध्ये अमेरिकेत 'बॅटलबॉट्स' टीव्हीवर आला. इथे यंत्राने यंत्राला मोडायचं असतं. तीन मिनिटांची लढत, बॅटलबॉट्सच्या मोठ्या गटात 250 पौंडांचं, म्हणजे सुमारे 113 किलोचं यंत्र. गरगर फिरणाऱ्या पोलादी पात्याचा वेग दुप्पट केला की त्यात साठणारी ऊर्जा चौपट होते, म्हणून पातं हे इथलं लाडकं हत्यार. पुढे 'मिथबस्टर्स'मुळे घराघरांत पोचलेल्या जेमी हाइनमनने सुरुवातीच्या काळात 'ब्लेंडो' नावाचा रोबो आणला होता. त्याचं कवच चिनी स्वयंपाकातल्या कढईचं. त्याच्या माराने प्रतिस्पर्ध्याचे तुकडे कठड्यापलीकडे उडायला लागले, तेव्हा लढती थांबवून त्याला बाजूला काढावं लागलं. आपल्याकडे या जातीच्या लढती पवईला आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये रोबोवॉर्स म्हणून होतात आणि त्या पिंजऱ्याभोवती तुडुंब गर्दी असते.

रोबोकॉनमध्ये ठिणग्या कमी उडतात, पण डोकं जास्त लागतं. लगोरीच्या वर्षी दोन्ही रोबोंचं वजन मिळून 50 किलोंच्या आत हवं होतं. वीज 24 व्होल्टपर्यंत, हवेचा दाब 6 बारपर्यंत. या चौकटीतून वाट काढताना पोरं काय काय करतात ते बघण्यासारखं असतं. पट्टी झटक्यात उघडायची, पंजा मिटायचा, तर हवेवर चालणारा सिलिंडर लागतो आणि त्याला हवेची टाकी लागते. लोखंडी टाकी जड. म्हणून शीतपेयाच्या दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या, झाकणात नळी बसवून, रोबोच्या पाठीवर बांधतात. फसफसणाऱ्या पेयाचा दाब सोसायला घडवलेली ती बाटली वजनाला काहीच नसते. पंप लावला की ती टणक होते, बोटाने दाबली तरी दबत नाही. पंजा मिटताना झडपेतून 'फुस्स' असा आवाज येतो. सरावाच्या खोलीत रात्रभर तोच आवाज.

चाकांचंही तसंच. काठावर तिरपे रूळ बसवलेली मेकॅनम चाकं असली, की रोबो तोंड न वळवता खेकड्यासारखा आडवा सरकतो. पण एक चाक किंचित घसरलं, तर दहा पावलांत रोबो चार बोटं बाजूला जातो आणि चकती चकतीवर न बसता कडेवर टेकते. मग मोजमापं, कोडमध्ये एक आकडा इकडचा तिकडे, पुन्हा धाव. स्पर्धेत अडकलात तर 'रिट्राय' मागता येतो: रोबो परत सुरुवातीच्या चौकोनात न्यायचा, घड्याळ मात्र चालूच.

अंगणातलं पोर जे बोटांनी न शिकता करतं, ते यंत्राला शिकवायला महिने लागतात. या स्पर्धेचं मोठेपण इथेच आहे. यंत्र बांधायला बसलेल्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा आपल्याच हाताकडे नीट बघावं लागतं.

आणि म्हणूनच ही स्पर्धा शहापूर-मुरबाडची आहे, निदान व्हायला हवी. पौषात म्हशाच्या जत्रेत बैलाचा खांदा, खूर, चाल बघून पारख करणारी माणसं या मुलखात आहेत. चालणाऱ्या गोष्टीचा तोल कुठे आहे हे त्यांना नजरेने कळतं. मुरबाडला एमआयडीसी आहे, आसनगावला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आयटीआयमधून फिटर, टर्नर, वेल्डर बाहेर पडतात. रोबोकॉनचा रोबो याच हातांनी बनतो: अॅल्युमिनियमची पट्टी कापणं, लेथवर बुश काढणं, तार नीट बांधणं. कमी पडतात ते पैसे, मोकळी जागा आणि वेळ. मुरबाडला रेल्वे नाही, एसटीने कल्याण गाठायचं. आसनगावहून लोकल आहे, पण मुंबईला जाण्यायेण्यात दिवस मोडतो. मोटरी, सेन्सर महाग. राष्ट्रीय फेरीत उतरणाऱ्या मोठ्या महाविद्यालयांकडे स्वतंत्र कार्यशाळा आणि मागच्या वर्षीच्या मुलांनी ठेवलेली शिदोरी असते. तालुक्याच्या ठिकाणी ती पहिली शिदोरीच जमलेली नसते.

तरी सुरुवातीला फार लागत नाही. नियमपुस्तिका सर्वांसाठी खुली असते, मैदानाचं प्रत्येक माप तिच्यात मिलिमीटरमध्ये दिलेलं. प्लायवूडचे चार तुकडे जोडून, वर पांढऱ्या पट्ट्या चिकटवून त्यातला एक कोपरा कुठल्याही वर्कशॉपच्या पडवीत उभा करता येतो. दोन मोटरींचा पंजा, शीतपेयाची एक बाटली, सायकलचा पंप. चकत्या फोमच्या नसल्या तर पहिल्या सरावाला कौलाचे तुकडेही चालतील. त्यांची आजूबाजूला वाण नाही.